स्मार्ट स्पीकर घेताना आणि बसवताना

बोलून हुकूम देता येणारे हे स्पीकर, म्हणजे ॲमेझॉनचा एको भारतात २०१७ मध्ये आणि गुगल होम २०१८ मध्ये आला. पुढे २०१९ पासून एकोमधली आवाजी सहायक अलेक्सा हिंदी बोलू लागली, पडदा असलेली उपकरणे आली आणि २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे एकाच स्पीकरला जोडणे सोपे झाले. म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारात खरेदीला गेल्यावर खोक्यावर मॅटरचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.

नागपुरात खरी कसोटी मे महिन्यात लागते. कूलर घरघरत असताना स्पीकर त्याच्या झोतात असेल, तर मायक्रोफोनला हाक नीट ऐकू येत नाही आणि दमट हवाही उपकरणाला मानवत नाही. तेव्हा तो कूलरपासून दूर, बसण्याच्या जागेजवळ आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. बहुतेक स्पीकरमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे राउटरसह तोही इन्व्हर्टरवर घ्यावा. स्पीकरला सांगून साधी उपकरणे चालू-बंद करणारे स्वस्त स्मार्ट प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, हे जोडताना लक्षात ठेवावे. घरात लहान मुले असल्यास आवाजी खरेदी ॲपमधून बंद करावी, आणि खासगी बोलणे सुरू असताना मायक्रोफोन बंद करण्याचे बटण दाबण्यात संकोच कसला?