गाडीच्या सेंट्रल लॉकचा स्विच बिघडलाय? नवा आणण्याआधी या चुका टाळा

बटण दाबलं आणि नेहमीचा 'खट्' आवाज आला नाही, की पहिला संशय बटणावरच. मग नवा स्विच येतो, बसतो, आणि दार तसंच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लक्षण नीट न बघणं. बटण दाबल्यावर तीन दारं लॉक होतात आणि एकच अडून बसतं? मग स्विच निर्दोष आहे, दुखणं त्या दाराच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये (लॉक हलवणाऱ्या छोट्या मोटरमध्ये) किंवा वायरीत आहे. रिमोटने सगळी दारं चालतात, बटणाने मात्र एकही नाही, तेव्हा स्विच किंवा त्याची वायर. दोन्हींनी काहीच हलत नसेल तर आधी फ्यूज, मग अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर. लॉक होतं पण अनलॉक होत नाही, आणि रिमोटने दोन्ही होतं, तर स्विचचा एक कॉन्टॅक्ट गेला असावा. एवढं बघायला पानासुद्धा लागत नाही.

एक गंमत: रिमोटने गाडी लॉक केलेली असेल, तर काही मॉडेलमध्ये आतलं बटण मुद्दामच बंद राहतं. तो बिघाड नव्हे.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मल्टिमीटर लावा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त क्षमतेचा टाकलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

लोक विसरतात ती जागा म्हणजे दार आणि बॉडीमधला रबरी पाइप. दार हजारो वेळा उघडून-मिटून त्यातल्या तारा आतून तुटतात; वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. बटण दाबत दार सावकाश हलवा. मधेच लॉक चाललं, तर स्विच खोलूच नका.

खोलायची वेळ आलीच तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. पॅनेल ओढण्याआधी हँडलच्या झाकणामागचे स्क्रू शोधा. क्लिपा तुटतात त्या याच घाईत. स्विचचा कनेक्टर काढा, मगच मल्टिमीटरने ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा, चालू सर्किटवर कधीच नाही. साध्या स्विचमध्ये दाबल्यावर शून्याच्या आसपास आणि सोडल्यावर 'ओएल' (म्हणजे सर्किट उघडं) दिसायला हवं. पण काही स्विचमध्ये रेझिस्टर (विजेला अडवणारे छोटे भाग) असतात. तिथे लॉक आणि अनलॉकचा आकडा वेगळा येतो. शून्य आलं नाही म्हणून लगेच खराब ठरवू नका, वायरिंग डायग्राम बघा.

बल्बचा टेस्ट लॅम्प जुन्या गाडीत चालतो. नव्या गाडीत स्विच मोटर चालवत नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (लॉक वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला) नुसता इशारा देतो. तिथे लॅम्प लावलात किंवा बॅटरीचे 12 व्होल्ट थेट जोडलेत, तर मॉड्यूलच जाऊ शकतं. मल्टिमीटरच वापरा. अ‍ॅक्च्युएटरकडे मात्र व्होल्टेज क्षणभरच येतं, म्हणून बटण दाबायला दुसरा माणूस हवा. एकट्याने बघेपर्यंत आकडा गेलेला असतो.

चहा सांडून बटण चिकटलं असेल तर गंज सोडवायचं तेल मारू नका. त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या.

नवा स्विच, पॅनेल परत लावण्याआधी, नुसता कनेक्टरला जोडून बघा. आणि हे सगळं करताना एक काच खाली आणि किल्ली खिशात.