काल्ची कडी करा, पण घड्याळ बघून

बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आंबट आमटी, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, यावर गोव्यात सहसा वाद होत नाही. रात्रभर मुरलेलं, सोलं (आमसुलं) आणि तिरफळं आतपर्यंत उतरलेली, सकाळी मंद आचेवर आटवलेलं. कुणी त्याला कालचं हुमण म्हणतं, कुणी काल्ची कडी. फ्रिज नसताना आजी झोपण्याआधी एक उकळी काढायची, पहाटे दुसरी. त्या उकळ्यांनी बरंच साधायचं, थोडं निसटायचंही. जे निसटायचं, त्याचा बंदोबस्त असा करा.

१. सुरुवात बाजारातून

बांगडा, तारले (सार्डिन), कुपा (ट्यूना) या मासळीच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जीवाणू त्यापासून हिस्टामिन बनवायला लागतात, आणि उन्हात ठेवलेल्या पाटीत हे काम झपाट्याने होतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्येही तसंच राहतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. आपण म्हणतो, ‘बांगडा बाधला’. पुष्कळदा दोष बांगड्याचा नसतो, बर्फाच्या कंजुषीचा असतो.

म्हणून बर्फात गाडलेली मासळी घ्या, पिशवीतही थोडा बर्फ मागून घ्या आणि मासळी सगळ्यात शेवटी खरेदी करा. घरी आल्यावर गप्पा नंतर, आधी कल्ले आणि आतडी काढून मासळी फ्रिजमध्ये टाका.

२. दुपारची उकळी

रस खळखळून उकळला की त्यातले वाढते जीवाणू मरतात. त्यांचे बीजाणू मात्र मरतातच असं नाही. काही जातींचे बीजाणू जाड कवचात झोपून १०० अंशांची उकळी सहज सोसतात आणि रस कोमट झाला की जागे होतात. आजीच्या उकळीतून निसटायचं ते हेच. सोलांचा आंबटपणा आणि मीठ त्यांची वाढ थोडी रोखतात, पण एवढ्यावर विसंबू नका.

३. टोप निववणं

सगळी गफलत इथे होते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जीवाणूंच्या वाढीचा पट्टा. आपलं स्वयंपाकघर दिवसा ३० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे या पट्ट्याच्या ऐन मध्यात. सोयीचं तापमान, ओल आणि अन्न मिळालं की अनेक जीवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून बघा: ४ तासांत एकाचे ४,०९६, ७ तासांत वीस लाखांहून जास्त. उकळलेल्या रश्श्यात हवा कमी असते. तिथे क्लोस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाचा जीवाणू फोफावतो. साधारण ४५ अंशांना तो २० मिनिटांचीही वाट बघत नाही. दुपारच्या जेवणानंतर झाकण घालून ओट्यावर ठेवलेलं मोठं टोप नेमकं याच उबेत संध्याकाळपर्यंत बसून असतं.

उपाय सोपा. जेवणं झाली की उरलेला रस दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, प्रत्येकात दोन-तीन बोटं उंचीचाच. परातीत थंड पाणी आणि बर्फ घेऊन त्यात भांडी ठेवा आणि स्वच्छ डावाने अधूनमधून ढवळा. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत यायला हवं, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. पसरट भांड्यात यापेक्षा खूप लवकर होतं. शंका असेल तर सुईचा थर्मामीटर घ्या. माझ्या मते तो मिक्सरच्या तिसऱ्या भांड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. उकळतं टोप तसंच कोंबलं तर शेजारचं दूध तापेल, इतपत ते खरं आहे. पण पूर्ण गार होण्याची वाट बघत रात्र काढणं त्याहून वाईट. कोमट झालं की आत ठेवा.

शिताची, म्हणजे भाताचीही हीच गत. तांदळात बॅसिलस सेरियस असतो, त्याचे बीजाणू शिजूनही उरतात आणि कोमट भातात जे विष तयार होतं ते नंतर कितीही परतलं तरी जात नाही. रात्रीसाठी उरलेलं शीत परातीत पसरा, निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. टोपात दडपून ठेवू नका.

४. रात्र

फ्रिज ४ ते ५ अंशांवर हवा. तिथे जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फार मंदावते, आणि लिस्टेरियासारखे काही तर सावकाश वाढतच राहतात. म्हणून ‘फ्रिजमध्ये होतं ना’ म्हणून आठवडाभर खाऊ नका. पावसात वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका: बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो.

वास घेऊन ठरवायची सवयही सोडा. अन्न आंबवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जीवाणू बहुधा वेगवेगळे असतात. नाकाला पहिले कळतात, दुसरे कळत नाहीत.

५. सकाळ

लागेल तेवढीच कडी बाहेर काढा. आधी आच मोठी ठेवून खळखळ उकळी येऊ द्या, मग मंद करून आटवा. पुष्कळजण उलटं करतात, थंड कडी थेट मंद आचेवर ठेवून अर्धा तास कोमट फिरवत राहतात, म्हणजे जीवाणूंना परत तोच पट्टा मिळतो. मधल्या भागाचं तापमान ७५ अंशांवर गेलं की झालं.

तोवर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजलेला असतो. पाव बुडवून भांडं पुसून काढा. तळाशी उरलेली कडी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची नाही.