स्पिनमधून विमान बाहेर काढताना

स्पिन म्हणजे स्टॉल झालेले, म्हणजे पंखांची उचल ढासळलेले, विमान गरगर फिरत खाली येणे. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 फुटांवर. अल्टिमीटरवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) 5,000 दिसले तरी खाली 3,400 फूटच उरतात, हे विसरू नका.

वेग कमी आणि स्थिर असेल तर स्पिन. भराभर वाढत असेल तर स्पायरल, म्हणजे स्टॉल न होता घिरट्या घेत खाली जाणे. त्याचा उपाय वेगळा.

स्पिन असेल तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती ठरवणारा दांडा) पूर्ण मागे, एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) मध्यावर. टर्न कोऑर्डिनेटरवरून (वळण दाखवणाऱ्या यंत्रावरून) फिरण्याची दिशा ओळखा, त्यातल्या घसरण दाखवणाऱ्या चेंडूवर विसंबू नका. उलट बाजूचा रडर (शेपटीवरच्या सुकाणूचे पायपेडल) शेवटपर्यंत दाबा, मग योक (हातातले नियंत्रण) ठामपणे पुढे. विमानाचे मॅन्युअल वेगळे सांगत असेल तर तेच पाळा. पंख कलला की हात आपसूक उलट एलरॉन देतो. घात इथेच होतो, कारण खालच्या पंखाचा स्टॉल आणखी वाढतो. फिरणे थांबताच रडर सरळ करा आणि योक हळूहळू ओढा. हिसका दिलात तर पुन्हा स्टॉल.