चंद्राला खळं पडायच्या आधी

खळं, म्हणजे चंद्राभोवती लांबवर दिसणारं उजेडाचं कडं, सांगून पडत नाही, म्हणून तयारी आधीच करून ठेवलेली बरी. भिंतीवरच्या कॅलेंडरात शुद्ध अष्टमीपासून वद्य अष्टमीपर्यंतच्या रात्रींवर खूण करा. बाकीच्या दिवसांत चंद्राचा उजेड पुरत नाही. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असतेच. तिथून रोज पाऊण-एक तास पुढेमागे धरायचा.

खूण केलेल्या दिवशी दुपारी आभाळ बघा. निळं आकाश दुधाळ झालंय, ऊन आहे पण सावल्या फिकट, म्हणजे खूप उंचावर खळं पाडणारा बर्फकणांचा पातळ ढग पसरलाय. हवामान खात्याच्या इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत पश्चिमेकडून पांढरा पट्टा येताना दिसला तर रात्रीचं जेवण लवकर उरका.

त्यासाठी नाशिकजवळचं गंगापूर धरण गाठायची गरज नाही, सोसायटीची गच्ची पुरते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहा, म्हणजे चंद्र टाकीआड जातो, डोळे दिपत नाहीत आणि फिकट कडं सुटून दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं मोजमापाचं साधन तुमच्या हातालाच आहे. हात पूर्ण ताणा, पंजा फाकवा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. कडं करंगळीच्या टोकाशी आलं तर ते 22 अंशांचं खळं. षटकोनी बर्फकणांतून जाताना प्रकाश किमान तेवढा वळतोच, म्हणून कड्याच्या आतलं आकाश काळसर आणि आतली कड तांबूस दिसते. उजेड चंद्राला चिकटूनच असेल, दोन-चार अंशांत संपत असेल आणि तांबूस कड बाहेरून असेल, तर ते खळं नव्हे. ते पाण्याच्या बारीक थेंबांनी केलेलं तेजोवलय. थेंब जितके लहान तितकं ते मोठं. चष्मा असेल तर आधी पुसा, मग काढूनही बघा. काचेवरची वाफ अगदी असंच वलय दाखवते आणि लोक हमखास फसतात.

प्रतिचंद्र, म्हणजे चंद्राच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याच्याच उंचीवर दिसणारे उजळ ठिपके, बघायचे असतील तर पूर्वेला मोकळी गच्ची शोधा. नाशिक 20 अक्षांशावर आहे. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते आणि तेवढ्या उंचीवर प्रतिचंद्र दिसत नाहीत. उगवल्यानंतरचे दोन तास तेवढे आपले. पुढे खळं बघायला चटईच घ्या, मान मोडून घेऊ नका. स्वेटर, कानटोपीही, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या याच दिवसांतल्या असतात.

फोटोला मोबाइलचा साधा 1एक्स कॅमेरा चालतो. अख्खं खळं 44 अंश रुंद असतं, त्यामुळे झूम विसरा. मोबाइल कठड्याला टेकवा, नाइट मोड आणि टायमर लावा. मोठा कॅमेरा असेल तर 18 मिलिमीटरची लेन्स, आयएसओ 800, दोन ते पाच सेकंद आणि फोकस हाताने अनंतावर. चंद्र पांढराफटक येणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वहीत तिथी, वेळ, कडं कुठे तुटलं होतं ते लिहा, आणि पुढच्या दोन दिवसांचं हवामानही. खळं दिसलं की पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात आणि द्राक्षवाल्यांच्या पोटात अवकाळीचा गोळा येतो. हिवाळ्यात असे ढग बरेचदा नुसतेच निघून जातात. तुमच्या गच्चीवरून काय निघतं ते वहीच सांगेल.