क्षेत्रकार्यासाठी संस्था मिळण्यापूर्वी

नाशिकमध्ये एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश मिळाला की क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, जिल्हा रुग्णालय, उंटवाडीचे मुलांसाठीचे निरीक्षणगृह, पंचवटीतील फुलेनगर वस्ती की सातपूरचा एखादा कारखाना, यांपैकी आपल्या वाट्याला काय येणार याची चर्चा सुरू होते. माझ्या अनुभवाप्रमाणे संस्थेच्या नावापेक्षा आपले अहवाल कोण वाचणार, हे अधिक महत्त्वाचे असते. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, एक ग्रामीण शिबिर आणि शेवटी महिनाभराचे सलग क्षेत्रकार्य अशी साधारण रचना असते, पण त्यातले शिकणे घडते ते अहवाल आणि त्यावरील वैयक्तिक चर्चेत.

सुरुवातीच्या बहुतेक अहवालांत ‘लाभार्थीस संजय गांधी निराधार अनुदान योजनेची माहिती दिली’ असे एक वाक्य हमखास असते; ही विधवा आणि इतर निराधारांना दरमहा अर्थसाह्य देणारी सरकारी योजना. आमच्या पर्यवेक्षिका नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ ओढत आणि विचारत, की लाभार्थी विधवा बाईंच्या पतीचा मृत्यू सुरगाणा तालुक्यातील गावी झाला असेल तर त्याची नोंद कुठे सापडेल, दाखला आणायला गेल्यास त्या दिवसाची मजुरी कोण देईल, आणि माहिती ऐकून त्या स्वतः काय म्हणाल्या. पुढचा प्रश्न याहून अवघड असे. योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईची खरी कमाई याहून जास्त असताना अर्ज भरायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? वर्गात निव्वळ पाठ केलेली व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करण्याची पद्धत), सामाजिक धोरण आणि व्यावसायिक नीतिमूल्ये ही तिन्ही प्रकरणे त्या एका अर्जात एकत्र येतात.

काही संस्था विद्यार्थ्यांना वर्षभर याद्या टाइप करायला बसवतात, हेही खरे आहे. अशा वेळी मुकाट्याने तास भरण्यापेक्षा महिन्याभरातच महाविद्यालयातील पर्यवेक्षकांच्या कानावर घालावे, कारण दुसऱ्या सत्रात संस्था बदलून मिळणे जवळजवळ अशक्य असते.

अहवाल त्याच संध्याकाळी लिहावा. दोन दिवसांनी लिहिलेल्या अहवालात लोकांचे शब्द जातात आणि आपलेच उरतात. आपण मार्चअखेर जाणार आहोत, हेही वस्तीत पहिल्या भेटीतच सांगून ठेवावे आणि अपूर्ण प्रकरणे कागदपत्रांसह संस्थेतील कार्यकर्त्याकडे, शक्यतो त्या कुटुंबाच्या समक्ष, सोपवावीत.