गाजर गवत: नावात गवत, कूळ सूर्यफुलाचं

पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले, की बांधाला, गोठ्यामागे, उकिरड्याभोवती जमिनीला चिकटून बसलेली कातरलेल्या पानांची हिरवी चकली दिसायला लागते. खोड अजून दिसत नाही. हीच गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, उपटायची वेळ.

हे ना गवत, ना गाजर. पार्थेनियम हिस्टेरोफोरस असं शास्त्रीय नाव, मूळ मेक्सिकोकडचं. आपल्याकडे पुण्यात १९५५च्या सुमारास त्याची नोंद झाली. कूळ सूर्यफुलाचं. कुळाची ही चौकशी उगाच नाही. सोयाबीनमध्ये मारतो ते क्विझालोफॉप तणनाशक फक्त अरुंद पानांच्या, म्हणजे गवतवर्गातल्या तणांवर चालतं. नावातलं ‘गवत’ वाचून ते यावर फवारलं, तर पैसे पाण्यात आणि तण जागच्या जागी. उलट २,४-डी हे तणनाशक याच्यासारख्या रुंद पानांच्या तणांवर चालतं, पण शेजारी कपाशी किंवा द्राक्षबाग असेल तर हातही लावू नका. नुसत्या वाऱ्याने उडालेले तुषारही पीक आखडवतात.

ओळख पटत नसेल तर पान चुरगळा. गाजराचा वास येणार नाही. झेंडूच्या रोपाशीही गल्लत होते. झेंडूची पानं समोरासमोर असतात आणि वास उग्र, याची पानं एकाआड एक. फुलावर आलं असेल तर एक पांढरं बोंड तळहातावर घ्या. मोहरीपेक्षा थोडं मोठं, पाच कोपऱ्यांचं. प्रत्येक कोपऱ्यात इवलीशी पाकळी आणि तिच्या बुडाशी एक काळं बी. बोंडाला पाच बिया, आणि एका झाडावर बोंडं हजारोंनी.

म्हणून फुलाआधीच, ओल असताना, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, बाह्या खाली घ्या, कारण अंगाला खाज सुटते, काहींना दमाही लागतो. फूल नसलेलं तण खुशाल कंपोस्टात जाऊ द्या. फुललेलं मात्र बांधावर टाकून ठेवू नका, बी तिथेच झडतं.

पानांना भोकं दिसली तर फवारणी थांबवा. पिवळट अंगावर काळपट उभ्या रेघांचा मेक्सिकन भुंगा कामाला लागलेला असेल. हे तण खायला म्हणूनच १९८४मध्ये तो बंगळुरूला मुद्दाम सोडला होता. कूळ एकच, म्हणून तो सूर्यफूलही फस्त करेल अशी धास्ती पुढे बरीच पसरली होती. भुंगे आणि अळ्या दोन्ही पानं खातात. दिवाळीनंतर मात्र तो जमिनीत दडी मारतो, तेव्हा रब्बीतलं तण हातानेच काढावं लागेल.