रेस्टॉरंटच्या गूगल लिस्टिंगवर ऑटो पोस्ट लावताय? मग या चुका टाळा

महिन्याच्या पहिल्या तारखेला बसायचं, तीस पोस्ट एका दमात लिहायच्या, ठरलेल्या वेळी आपोआप पोस्ट टाकणाऱ्या टूलमध्ये भरायच्या आणि मग महिनाभर तिकडे ढुंकूनही बघायचं नाही, बहुतेक रेस्टॉरंटवाले असंच करतात आणि मीही बरेच दिवस असंच करायचो. काही रेस्टॉरंटची सर्च आणि मॅपवरची लिस्टिंग मी सांभाळतो. एकदा त्यातल्या एकाच्या किचनचं काम निघालं, दोन दिवस बंद ठेवावं लागलं. दारावर पाटी लागली, नेहमीच्या लोकांना फोन झाले, सगळं व्यवस्थित, फक्त रांगेत आधीच लावून ठेवलेली पोस्ट कोणाच्या लक्षातच आली नाही. संध्याकाळी सहाला ती बरोब्बर वेळेवर गेली: "आज जेवायला बाहेर पडताय? टेबल तयार आहे, या." ती वाचून एक कुटुंब आजींना गाडीत बसवून लांबून आलं आणि बंद शटरसमोर उभं राहिलं. रात्री एक स्टारचा रिव्ह्यू आला, सोबत दोन फोटो, एक बंद शटरचा आणि एक आमच्या पोस्टच्या स्क्रीनशॉटचा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. पोस्ट लिहिताना जे खरं असतं ते पोस्ट दिसताना खरं असेलच असं नाही, आणि मॅपवर आपली पोस्ट बघणारा माणूस टाइमपास करत नसतो, त्याला भूक लागलेली असते, तो ठरवत असतो की इथे जायचं की नाही.

"आज" आणि "उद्या" हे शब्द

लोक सोशल मीडियाच्या सवयीने लिहितात. तिकडे पोस्ट टाकली की काही तासांत ती खाली जाते, विसरली जाते. इथे तसं नाही. इथे कोणी तुमचं नाव शोधलं किंवा मॅपवर तुमच्यावर टॅप केलं की मग पोस्ट दिसते, म्हणजे मंगळवारी टाकलेली पोस्ट कोणी पुढच्या महिन्यातल्या रविवारी पहिल्यांदा वाचेल. साधी अपडेट पोस्ट सहा महिन्यांपर्यंत राहते. पूर्वी ती सात दिवसांनी मागे पडायची, आणि तेच जुनं गणित डोक्यात ठेवून अजून कितीतरी लोक "आजचा स्पेशल" म्हणून बिनधास्त लिहितात. मग तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक येऊन विचारतं की तो स्पेशल कुठेय, आणि वेटर बिचारा गोंधळतो.

यावर उपाय अगदी सोपा आहे पण करत कोणी नाही. पोस्टचे तीन प्रकार आहेत, अपडेट, ऑफर आणि इव्हेंट. ज्याला शेवटची तारीख आहे ते सगळं ऑफर किंवा इव्हेंटमध्येच टाका. दोन्हीत सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यावी लागते आणि मुदत संपली की पोस्ट आपोआप मागे जाते. शनिवारी गाण्याचा कार्यक्रम आहे? इव्हेंट, नाव, तारीख, किती ते किती, झालं. अपडेटमध्ये फक्त तेच लिहा जे दोन महिन्यांनी वाचलं तरी खरं ठरेल, आणि तरी दिवस सांगायचाच असेल तर "आज" न लिहिता तारीख लिहा.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे पोस्टमधून वेळ बदलायचा प्रयत्न. "सोमवारी आपण बंद आहोत" अशी पोस्ट शेड्यूल केली की काम झालं असं वाटतं, पण प्रोफाइलवर, म्हणजे तुमच्या लिस्टिंगवर, वर जे "उघडं आहे" दिसतं ते काही तुमच्या पोस्टमधून येत नाही, ते तुम्ही भरलेल्या वेळांमधून येतं. त्यासाठी विशेष वेळा, म्हणजे त्या ठराविक तारखेपुरत्या वेळा, वेगळ्या भराव्या लागतात. आधी त्या भरा, मग पोस्ट. मेनूचंही तसंच, पोस्टमध्ये नवीन डिश टाकली म्हणून मेनूत ती आपोआप येत नाही.

पोस्ट रिजेक्ट का होते

सगळ्यात जास्त वेळा कारण असतं फोन नंबर. मजकुरात नंबर लिहिला की पोस्ट अडकण्याची शक्यता वाढते, गूगलच्या नियमातच ते बसत नाही. नंबर द्यायचा तर कॉलचं बटण लावा, ते प्रोफाइलवरचाच नंबर घेतं. फोटोवर नंबर छापून पाठवायची पळवाटही शोधू नका. दारूच्या ऑफरचंही तेच, बाकीची पोस्ट कितीही साधी असली तरी त्या एका ओळीमुळे ती अडकते, म्हणून ती ओळ काढून जेवणाबद्दल लिहा.

मग येतो कॉपी-पेस्टचा प्रकार. एकच पोस्ट सगळीकडे पाठवणारं टूल असतं, सोय छान आहे, पण मग मॅपवर पोस्ट दिसते "लिंक बायोमध्ये आहे". इथे बायो नाहीच! खाली पंधरा हॅशटॅग, ज्यांचा इथे काही उपयोग नाही, आणि कोणाला तरी टॅग केलेलं, तेही नुसतं अक्षर म्हणून पडून राहतं. गूगलसाठी मजकूर वेगळा लिहा, दोन मिनिटं लागतात. मर्यादा १५०० अक्षरांची आहे पण तेवढं लिहायची गरजच नाही, कारण उघडायच्या आधी पहिली एक-दोन ओळच दिसते. "नमस्कार मित्रांनो, आम्हाला कळवायला आनंद होतो की" यातच ती ओळ संपते आणि मुद्दा आत राहतो.

फोटोवर जरा जास्त बोलतो कारण इथे मेहनत वाया जाताना मी रोज बघतो. डिझायनरने उभा पोस्टर बनवलेला असतो, वर रेस्टॉरंटचं नाव, मध्ये ताट, खाली तारीख आणि वेळ. पोस्टमध्ये फोटो आडवा, ४:३ च्या आसपास कापून दिसतो, म्हणजे वरचं नाव गेलं, खालची तारीख गेली, उरलं अर्धं ताट. मी १२०० बाय ९०० पिक्सेलचा फोटो घेतो, महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवतो आणि फोटोवर शक्यतो काहीच लिहीत नाही, जे सांगायचं ते मजकुरात. ४०० बाय ३०० पेक्षा लहान फोटो तर चालतच नाही. आणि प्लीज, नेटवरून उचललेला कुठल्यातरी दुसऱ्याच ताटाचा फोटो लावू नका, माणूस येऊन तेच मागतो.

टूल म्हणतं पोस्ट गेली, पण दिसत तर नाहीये

इथे घाबरून तीच पोस्ट तीनदा पाठवू नका, मग तिन्ही एकदम दिसायला लागतात. आधी मालकाच्या खात्यातून प्रोफाइल उघडा आणि पोस्टच्या यादीत तिची अवस्था बघा, लाइव्ह आहे, तपासणीत आहे की नाकारलीये. तपासणीला कधी काही मिनिटं तर कधी बराच जास्त वेळ लागतो, म्हणून दुपारच्या जेवणाची पोस्ट दुपारी बाराला लावण्यात अर्थ नाही, आदल्या संध्याकाळी लावा. लाइव्ह असेल तर दुसऱ्या फोनवरून, लॉगिन न करता शोधून बघा.

यादीत पोस्टच नसेल तर बहुतेक वेळा जोडणी तुटलेली असते. टूल जोडलं होतं कोणाच्या खात्यातून? जुन्या मॅनेजरच्या. तो नोकरी सोडून गेला, कोणीतरी त्याला प्रोफाइलवरून काढलं (बरोबरच केलं), आणि त्याच्याबरोबर टूलची परवानगीही गेली. टूलने एक मेल पाठवला असेल तर तोही त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून. म्हणून टूल नेहमी मालकाच्या किंवा धंद्याच्या कायमच्या खात्यातून जोडा.

जोडणी ठीक आहे तरी पोस्ट गायब? मग बघा टूल बरोबर लिस्टिंगला जोडलंय का. जागा बदललेल्या रेस्टॉरंटच्या कधीकधी दोन लिस्टिंग असतात आणि पोस्ट बिचाऱ्या जुन्या पत्त्यावर जात असतात. प्रोफाइल व्हेरिफाय झालेलं नसेल किंवा सस्पेंड असेल तर पोस्टच्या मागे लागूच नका, आधी ते सोडवा.

फक्त फोटोवाल्याच पोस्ट फेल होत असतील आणि तुम्ही टूलला पोस्टची यादी शीटमधून देताना त्यात फोटोची लिंक देत असाल तर ती लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडा. थेट फोटो उघडायला हवा. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक दिली की उघडतं एक पान, आणि त्या पानात फोटो, ते चालत नाही.

वेळ चुकत असेल तर टूलच्या सेटिंगमधला टाइम झोन बघा, खातं दुसऱ्याच देशातल्या वेळेवर असतं आणि सकाळच्या नाश्त्याची पोस्ट मध्यरात्री जाते. सगळं दोनदोनदा जात असेल तर जुनं टूल अजून चालू आहे. आता प्रोफाइलमध्येच शेड्यूलची सोय आल्यामुळे हे आणखी वाढलंय, एकजण इथून लावतो, दुसरा तिथून.

एकापेक्षा जास्त शाखा असतील तर "सगळ्यांना पाठवा" दाबायच्या आधी मजकूर प्रत्येक शाखेच्या नजरेने वाचा. बाहेर बसायची जागा एकाच शाखेत आहे आणि पोस्ट पाचही ठिकाणी, असं फार होतं.

रोज पोस्ट टाकली की मॅपवर वर येतो असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. लोकल निकालांसाठी गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं, शोधाशी जुळणं, अंतर आणि ठिकाण किती नावाजलेलं आहे. रोजच्या नादात नुसत्या जागा भरायला टाकलेल्या पोस्ट होतात, त्यापेक्षा आठवड्याला एक-दोन, पण खऱ्या.

चुकीची पोस्ट गेलीच तर

टूलमधून डिलीट करून थांबू नका, बऱ्याच टूलमध्ये ती फक्त त्यांच्या यादीतून जाते. प्रोफाइल उघडून तिथून काढा, मग रांग पॉज करा आणि पुढच्या सगळ्या पोस्ट एकदा वाचा, कारण त्याच कारणाने चुकणारी अजून एखादी मागे असतेच. आम्ही आता पॉजचं बटण कुठे आहे ते काउंटरवरच्या माणसालाही दाखवून ठेवलंय, शटर लवकर पाडायचं ठरलं की पाटीच्या आधी तो ते दाबतो आणि विशेष वेळा बदलतो. आजींना घेऊन आलेल्या कुटुंबाच्या त्या रिव्ह्यूला आम्ही काय झालं ते जसंच्या तसं लिहून माफी मागितली, आणि तो रिव्ह्यू काढायची विनंती कुठेही केली नाही.